शिवणखोलीतला कापूस

कापसाने माझ्या मुलाची टाच फोडली तेव्हा मला बरं वाटलं. आईने असं बोलू नये, मला कळतं. पण वाटलं ते वाटलं. पोटात एक आणि ओठांवर एक ठेवणं मला कधी जमलं नाही.

कापूस म्हणजे ससा. पांढराशुभ्र, चांगला जाडजूड, एका कानावर राखाडी डाग. नाव ठेवलं ठेकेदाराच्या मुलीने, तो ओंजळीत मावायचा तेव्हा. पुढे तो वयात आला आणि त्याचा कापूसपणा नावापुरता उरला. ठेकेदाराच्या घरी त्याने सोफ्यावर धार मारली, पाहुण्यांच्या पायांभोवती गुरगुरत फेऱ्या घातल्या, घरधनिणीची पोटरी रक्तबंबाळ केली. पोरगी त्याला टाकून द्यायला तयार नव्हती. शेवटी ठेकेदाराने तो खोक्यात कोंबला आणि खोकं माझ्या मुलाच्या हातात दिलं. "तुझ्या घरी मागे मोठी खोली आहे ना? ठेव काही दिवस. पोरगी येऊन भेटून जाईल. पण एक सांगतो, त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये."

माझा मुलगा त्या ठेकेदाराकडे फरशी बसवायचा. दिवसभर गुडघ्यांना रबरी पट्टे बांधून जमिनीवर, मान खाली, वरून ठेकेदाराच्या शिव्या. हात सफाईदार होता त्याचा, त्याने बसवलेल्या फरशीवर काचेची गोटी ठेवा, जागची हलायची नाही. पण घरी आला की त्याला सगळ्यांपेक्षा उंच उभं राहायचं असे. आम्ही घरात दोघीच, मी आणि माझी सून. आम्ही खाली पडल्याशिवाय आपण उंच आहोत असं त्याला वाटायचंच नाही.

कारण कसलंही चालायचं. चहा गार का, दाराला कडी का, हसलीस का, हसली नाहीस का. सुनेच्या एका कानावर त्याने असं मारलं की त्या बाजूने हाक मारली तर तिला अजूनही उशिरा कळतं. मी मध्ये पडले तेव्हा त्याने मला नुसतं बाजूला सारलं, त्याच्या मते नुसतंच. माझं मनगट भिंतीवर आपटून मोडलं. हवा गार झाली की ते आजही ठणकतं. घर माझ्या नावावर आहे. तुम्ही म्हणाल, हाकलून का नाही दिलं? म्हणायला काय जातं! पोटच्या गोळ्याला दाराबाहेर काढणं म्हणजे उष्टं टाकणं नव्हे. शिवाय मला त्याची भीती वाटायची. दोन्ही खरं होतं.

आम्ही दोघी पडदे शिवतो. मागची मोठी खोली आमची शिवणखोली. दोन मशीन, मध्ये कापायचं लांब टेबल, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, शाळांच्या सभागृहांचे पडदे. कापसाला आम्ही टेबलाखाली जागा दिली. पहिल्याच दिवशी त्याने खोली आपल्या नावावर करून घेतली. चारही कोपऱ्यांत मुतून झालं, टेबलाच्या पायांना हनुवटी घासून झाली, माझ्या चपलेशी नको ते चाळे करून झाले. आम्हा दोघींना एकेकदा चावून बघितलं आणि मग बहुतेक आपल्या मालमत्तेत धरलं. पाऊल वाजलं की आमच्या पायांभोवती गुं गुं करत घिरट्या घालायचा. कुरिअरवाला पोरगा मात्र एकदाच आत आला. नंतर तो पार्सल उंबऱ्यावरूनच फेकायचा.

टाचेची गोष्ट अशी झाली. मुलगा कामावरून आला, कशावरून तरी बिनसलं आणि सून पुढच्या खोलीतून पळत शिवणखोलीत आली. तो मागोमाग, अनवाणी. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आणलं. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. धप्प. ससा मागचा पाय जमिनीवर आपटतो तो आवाज. एवढ्याशा प्राण्याचा एवढा आवाज निघतो यावर ऐकल्याशिवाय विश्वास बसत नाही. मुलाने लक्ष दिलं नाही. दुसऱ्यांदा धप्प झालं आणि कापूस सुटला.

टाचेच्या मागच्या बाजूला, जिथे जाड शीर असते ना, तिथे त्याने दात रोवले. सशाचे दात पुढे छिन्नीसारखे असतात. मुलगा ओरडला, पाय झाडला, भिंतीवर आपटला, कापूस लोंबकळला पण सुटला नाही. सोडला तो मांसाचा तुकडा घेऊनच. शाळेच्या पडद्याच्या पिवळट अस्तरावर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. मुलगा रांगत बाहेर गेला. रांगत! एवढा मोठा माणूस.

जखम चिघळली. पाय सुजून खांबासारखा झाला, ताप चढला, सुयांवर सुया टोचाव्या लागल्या. दवाखान्यात त्याने सांगितलं की फरशीचा तुकडा लागला. ससा चावला म्हणून कोण सांगेल? पण आतून तो पार हबकला होता. बरा झाल्यावर एकदा जाड बूट चढवून आला. उंबऱ्यात उभा राहिला, एक पाय उचलला. कापसाने धप्प केलं, आणि मुलाचा पाय त्याला न विचारताच मागे गेला. तोंड लालेलाल झालं त्याचं. मारून टाकावा तर ठेकेदाराची अमानत, नोकरीवर गदा. इथेच त्याचं घोडं पेंड खात होतं.

तेव्हापासून आम्ही दोघी त्या खोलीतच राहायला लागलो म्हणा ना. तो घरात असला की आमची ताटं तिथे, अंथरुणं तिथे. तो उंबऱ्याबाहेर उभा राहून आई-बहीण काढायचा, हातातली वस्तू फेकून मारायचा, आणि कापूस खोलीच्या मधोमध बसून त्याच्याकडे कान मागे करून बघत राहायचा. खोलीला सशाच्या मुताचा उग्र वास यायचा, पडद्यांवर अत्तर शिंपडून द्यावे लागायचे. त्या वासात मी इतकी सुखाने झोपले आहे की काय सांगू.

एक दिवस सून काम संपवून उठली आणि म्हणाली, "आई, तुमच्या लक्षात आलं का? मी आज दाराकडे पाठ करून शिवलं."

लक्षात आलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून ती नेहमी दाराकडे तोंड करून बसायची. उजेड खिडकीतून, म्हणजे मागून यायचा, तिची स्वतःची सावली तिच्या शिलाईवर पडायची, डोळे लाल व्हायचे. मी किती वेळा ओरडले होते की मशीन फिरव, बाई, आंधळी होशील. तिने फिरवलं नव्हतं. का ते मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही, आणि आता विचारायची गरज उरली नाही.

आणि मग ठेकेदाराच्या बायकोने कुठून तरी ऐकलं की नर सशाची नसबंदी केली की तो निवतो. पोरगी भेटायला यायची, उंबऱ्यातून त्याच्याशी बोलायची आणि रडत परत जायची. ठेकेदाराने मुलाला सांगितलं, "करून घे त्याचं ते ऑपरेशन. शांत झाला की आम्ही घरी नेतो."

मुलगा घरी आला तो उड्या मारतच. उंबऱ्यावर दोन्ही हात टेकून आत वाकला आणि म्हणाला, "छाटणार आता तुमच्या पहारेकऱ्याला. मग बघू कोण कोणाच्या आड लपतं." सुनेकडे बघून हसला. "एकेक दिवस मोजून ठेवलाय मी. सगळं व्याजासकट परत करीन."

सुनेच्या हातातलं कापड सुईखाली तसंच राहिलं.

कापसाला हात लावायची त्याची छाती नव्हती, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरणीकडे नेलं आम्हीच. ती तरुण होती, दंडावर ओरखडेच ओरखडे, बोलायला रोखठोक. कापसाने तिच्या हातमोज्याचा चावा घेतला तर म्हणाली, "अस्सं! चांगला तयारीचा दिसतोय."

मी विचारलं, "नाही केलं तर नाही का चालणार, बाई?"

"चालेल. तुम्हाला चालेल," ती म्हणाली. "त्याचे हाल आहेत, मावशी. याला सारखं वाटतं की आपल्या जागेवर कोणीतरी चालून येणार आहे. खाताना कान उभे, झोपताना डोळा उघडा. असा दुसरा नर समोर आला तर एकमेकांची पोटं फाडतात. तो रागीट नाही, तो सतत पहाऱ्यावर आहे."

मी सुनेकडे बघितलं नाही. बघवलं नसतं. त्या मुक्या जिवाला आम्ही आमच्या पहाऱ्याला जुंपलं होतं, हे मला त्या टेबलापाशी पहिल्यांदा टोचलं.

सुनेने विचारलं, "लगेच शांत होतो का हो?"

"छे. कापून काढलं तरी रक्तात जोर उरतोच. तो उतरायला महिना-दीड महिना लागतो. तोपर्यंत मादीजवळसुद्धा सोडायचा नाही. हळूहळू धार मारणं थांबेल, घिरट्या थांबतील, अंगावर येणं कमी होईल. मात्र सगळंच जाईल असं समजू नका. अंगातल्या जोराने जे करतो ते जातं. भीतीने जे करायला शिकलाय, ते सुरीने नाही काढता येत. ते हाताने, मायेने काढावं लागतं."

महिना-दीड महिना! आम्हा दोघींच्या जिवात जीव आला. परतताना बसमध्ये बसल्या बसल्या बेत ठरला. सुनेची मावसबहीण दुसऱ्या गावात कपडे शिवायचं दुकान चालवते. पुढच्या महिन्यात तिच्याकडची एक खोली रिकामी होणार होती. तोवर कापूस आम्हाला सांभाळेल, मग सून जाईल, मग कापूस आपल्या घरी जाईल.

"तुम्हीपण चला, आई," ती म्हणाली.

"माझं घर सोडून मी कशाला जाऊ?" मी म्हणाले. खरं कारण मी तिला सांगितलं नाही. तो माझा मुलगा होता. मी गेले तर त्याला जेवायला कोण घालेल, हे माझ्या मनात आलं होतं. मनगट मोडलेल्या बाईच्या मनात!

आमची चूक कुठे झाली ते आता सांगते. शिवणारी माणसं आम्ही. कोरं कापड धुतल्यावर आटतं, ते आटणं आधीच धरून आम्ही जास्तीचं कापतो. हाताला तीच सवय. इथेही आम्ही तसंच धरलं की जोर हळूहळू आटत जाणार, तेवढी सूट आपल्या हातात आहे. कापड दुखण्याने विव्हळत नाही, ही गोष्ट आमच्या डोक्यातच आली नाही.

ऑपरेशन होऊन कापूस घरी आला तो पोतेऱ्यासारखा. दुखण्यावरचं औषध पोटात, मागे टाके, डोळे अर्धवट. सशाने उपाशी राहून चालत नाही, आतडी बंद पडतात, म्हणून डॉक्टरणीने दिलेला पाला-गवताचा लगदा मी बिनसुईच्या सिरिंजने त्याच्या गालात सोडत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टेबलाशेजारी खाली बसून तेच करत होते. सून दवाखान्याच्या पडद्यांना काठ घालत होती. पाठ दाराकडे.

मुलगा कधी आला ते कळलं नाही. उंबऱ्यावरून एक चप्पल सणसणत आली आणि कापसाच्या खोक्यावर आदळली. खोकं हललं. कापूस हलला नाही. त्याने नुसता एक कान किंचित फिरवला.

मुलगा थोडा वेळ बघत राहिला. मग हसला. हातात त्याचा रबरी हातोडा होता, फरशी ठोकून बसवायचा. पायात काही नव्हतं. त्याने उंबऱ्याच्या आत पाय टाकला. त्याला कोणी अडवलं नाही.

"अरे, थांब," मी म्हणाले. "त्याला बरं नाही. आता नको."

"आताच," तो म्हणाला.

पहिला घाव सुनेच्या खांद्यावर बसला. रबर असलं म्हणून काय झालं, त्याने दगडी फरशी बसते, मग बाईचं हाड काय चीज आहे. ती ओरडलीसुद्धा नाही, मशीनवर पालथी पडली आणि सुई तिच्या तळहाताच्या कडेतून आरपार गेली. मशीन चालूच होतं. सुई वर आली, पुन्हा खाली गेली. मी धावत जाऊन वायर उपटली. त्याने तिला केसांना धरून मागे ओढलं, सुई मोडली, तिच्या हातातून रक्त ठिबकायला लागलं. "दाराकडे पाठ?" तो म्हणत होता. "माझ्याकडे पाठ करून बसतेस? आँ?" प्रत्येक शब्दाला एक घाव. पाठीवर, दंडावर, मांडीवर. डोक्यावर मारत नव्हता. खुशाल वेळ घेऊन मारत होता.

मी त्याच्या दंडाला लटकले. त्याने कोपर मागे मारलं, ते माझ्या तोंडावर बसलं. पुढचा दात तुटला, तो मी गिळला की थुंकला कोण जाणे. टेबलावरचा कापडाचा ढीग माझ्याबरोबर खाली आला आणि मी टेबलाखाली, खोक्याच्या शेजारी, तोंडात रक्त घेऊन पडले.

तिथे मला कापूस दिसला. तो उठायला बघत होता. मागचा पाय त्याने उचलला, आपटायला म्हणून उचलला, आणि त्याचा तोल जाऊन तो कुशीवर कोसळला. टाक्यांतून रक्त पाझरलं. त्याने पुन्हा उचलला. पुन्हा पडला. जनावराला सांगावं लागलं नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलाचा कधी जेवढा राग आला नव्हता, तेवढा त्या क्षणी मला माझा आला.

समोर, हाताच्या अंतरावर, माझ्या मुलाचे पाय होते. उजव्या टाचेवर कापसाच्या दातांचा वण, अजून लालसर. ती टाच मी ओळखते. तो पायाळू जन्मला. त्याचं तोंड दिसायच्या कितीतरी आधी मला त्याच्या टाचा दिसल्या होत्या, मुठीएवढ्या, जांभळ्या. सुईण म्हणाली होती, लाथ मारतच येतोय बघा. आणि मी, वेणांनी अर्धमेली, हसले होते. मी त्या टाचांचे मुके घेतलेले आहेत.

ढिगाबरोबर मोठी कात्रीही खाली पडली होती. पडद्याच्या चार घड्या एका दमात कापणारी, माझ्या हाताला बसलेली. मी ती उचलली, दोन्ही हातांनी धरली, पात्यांमध्ये त्या वणामागची शीर घेतली आणि मिटली.

पडद्याच्या वरची कडक पट्टी कापताना येतो तसा आवाज आला. मनगट कळवळलं, पण मी पाती एकमेकांना भिडेपर्यंत सोडली नाहीत.

तो एकदम खाली आला. माझ्या शेजारीच, जमिनीवर, तोंड माझ्या तोंडासमोर. हातोडा घरंगळत भिंतीला लागला. क्षणभर त्याला काय झालं तेच कळलं नाही, मग त्याने पायाकडे बघितलं आणि "आई!" म्हणून किंचाळला. लहानपणी पडला की असाच ओरडायचा. मला ओरडून बोलवायचा.

मी कात्री बाजूला ठेवली आणि त्याची टाच दोन्ही हातांनी दाबून धरली. रक्त बोटांमधून उसळत होतं. सुनेने, त्या सुई टोचलेल्या हाताने, पडद्याचा पट्टा फाडून दिला. मी तो करकचून बांधला. बांधताना मी रडत होते. त्याच्यासाठीच रडत होते, खोटं कशाला बोलू.

शेजारच्या टेम्पोवाल्याने त्याला उचलून नेलं. दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडलं होतं, मी सांगणार होते. तोच आधी बोलला. "फरशी कापायचं कटर सटकलं." बोलताना माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी आधी एकदाच बघितलं होतं, उंबऱ्यात, पाय मागे घेताना.

माझ्या तुटलेल्या दाताबद्दल कोणी विचारलं नाही.

शीर शिवली, पायाला प्लास्टर घातलं. तो त्याच्याबरोबरच्या एका कारागिराच्या खोलीवर राहायला गेला. मी त्याचे कपडे, गुडघ्याचे पट्टे आणि हातोडा पोत्यात भरून तिकडे पाठवून दिले. त्याच पोत्यात जेवणाचा एक डबाही घातला. हसायचं तर हसा.

सून मावसबहिणीकडे गेली नाही. तिचा खांदा जागेवर यायलाच वेळ लागला, आणि मग खोली रिकामी झाल्याचा निरोप आला तेव्हा ती म्हणाली, "आई, तुम्ही इथे एकट्या." मी म्हणाले, "मग?" ती म्हणाली, "मग काही नाही." तो विषय तिथेच संपला. पण मशीन तिने फिरवलं होतं. पुन्हा दाराकडे तोंड, पुन्हा शिलाईवर सावली.

कापूस बरा झाला, आणि डॉक्टरणीने सांगितलं तसंच होत गेलं. आधी वास गेला. एक दिवस मी खोलीत आले आणि नुसता कोऱ्या कापडाचा वास आला, तेव्हा मला चुकल्यासारखं झालं. मग धार मारणं थांबलं. मग घिरट्या थांबल्या. माझ्या चपलेकडे तो बघेनासा झाला, माझा जरासा अपमानच झाला म्हणा. दुपारी तो टेबलाखाली चारही पाय ताणून, पोट उघडं टाकून झोपायला लागला. दोन्ही डोळे मिटून. कुरिअरवाला पोरगा चुकून आत आला, तर कापसाने मान वर केली, त्याचा वास घेतला आणि पुन्हा मान टाकली. पोरगाच घाबरून दाराला चिकटला होता.

मला बरं वाटलं. तो सुखी झाला होता. आम्ही उघड्यावर पडलो होतो.

ठेकेदाराची पोरगी त्याला न्यायला आली. मी तिला जमिनीवर बसायला सांगितलं, हात पुढे करू नको म्हटलं. कापूस आपणहून तिच्याजवळ गेला, तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसला. ती हळू आवाजात म्हणाली, "आजी, हा आता कुणालाच चावणार नाही ना?"

"नाही गं," मी म्हणाले. "त्याचं काम झालं."

ती कापसाला घेऊन गेली. सुनेने टेबलाखालचं गवत झाडून काढलं, फरशी पुसली.

त्यानंतर आठवडाभरात तो आला. दुपारची वेळ, पुढचं दार उन्हासाठी उघडं. काठीचा आवाज आधी ऐकू आला, मग तो शिवणखोलीच्या उंबऱ्यात उभा राहिला. वाळला होता. दाढी वाढलेली, उजवा पाय अजून नीट टेकत नव्हता. पुढे होऊन जवळ घ्यावं असं वाटलं, हेही सांगून टाकते.

मी कापायच्या टेबलाशी उभी होते. कात्री हुकाला अडकवलेली होती, मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सून मशीनवर, दाराकडे तोंड. तिचे हात थांबले.

"नेला वाटतं त्याला," तो टेबलाखाली बघत म्हणाला.

"नेला."

"बरं झालं. घाण नुसती." मग आवाज मऊ करून म्हणाला, "आई, झालं गेलं सोड आता. मी काय परका आहे का? मला घरी यायचंय." आणि तोच आवाज न बदलता सुनेला म्हणाला, "ए, ऊठ. चहा टाक."

सुनेचा रंग उडाला. तिचं अंग उठायला लागलं, तिला न विचारता. मी ते बघितलं. त्यानेही बघितलं, आणि त्याच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. त्याने काठी आत टेकवली. मग दुखरा पाय उचलला, उंबऱ्यावरून आत आणायला.

मी माझा पाय उचलला आणि सगळा जीव एकवटून जमिनीवर आपटला.

धप्प.

टेबलावरच्या टाचण्यांची डबी थरारली. त्याचा पाय हवेतच थांबला, मग मागे गेला. उंबऱ्याच्या पलीकडे टेकला.

"आई," तो म्हणाला. "वेड लागलंय का तुला?"

मी पुन्हा पाय उचलला, पुन्हा आपटला. या खेपेला त्याची काठीही मागे गेली. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, माझ्या पायांकडे बघत होता. मग काठी वळली. पुढच्या खोलीतून, दारातून, रस्त्यावर तिचा आवाज लांब जाईपर्यंत मी पाय जमिनीवर रोवूनच उभी राहिले.

सून उठली. मला वाटलं, दार लावायला उठली. तिने स्टूल उचललं, मशीन ओढून खिडकीकडे फिरवलं, स्टूल ठेवलं आणि दाराकडे पाठ करून बसली.

"आई, दवाखान्याचे आजच द्यायचेत ना?" तिने विचारलं.

"आजच," मी म्हणाले.

तिने मशीन सुरू केलं.